चिनी म्हाताऱ्याचं सुतक

ती. परमेश्वर दाजी आणि सारजाअक्का यांच्या पायांवर डोकं ठेवून बंकटचा नमस्कार. (दाजी, तुमच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं ध्यानात ठेवून डोकं डाव्या पायावर ठेवलं आहे.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मांडी घालून बसायचं नाही म्हणून सांगितलंय आणि तुम्ही ओसरीवर मांडी घालूनच पत्ते खेळता, असं अक्काकडून कळलं. अक्काची शुगर कशी आहे? तिला म्हणावं, चहातली साखर बंद करून वर पेढा खाल्ला की ती बंद केलेली साखर परत चालू होते. इकडे सर्व कुशल आहे, असं लिहायची पद्धत आहे. ती पद्धत मी आज मोडतो. इकडे काहीही कुशल नाही. घरात सुतक आहे. गेलेला माणूस आपल्या भावकीतला नाही, पाहुण्यांतला नाही, जिल्ह्यातलाही नाही, आणि तो गेला की नाही यावरही गावात दोन पार्ट्या पडल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, बंकट, एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन करायचा. नाही करता आला. तुमच्या घरात फोन स्पीकरवर टाकून बोलतात आणि तुमच्या ओसरीवर आश्रुबा पाटील बशीत चहा ओतून बसलेले असतात. शिवाय तुम्ही फोनवर "हां, हां, बरं, बरं" म्हणता आणि ठेवल्यावर अक्काला विचारता, "काय म्हनत होता गं तुझा भाऊ?" पत्राचं तसं नसतं. पत्र माणसाला दोनदा वाचावं लागतं. हे तीनदा वाचा, कारण ह्या सगळ्या प्रकाराला सुरुवातीपासून शेवटपर्यंत जबाबदार तुम्ही आहात.

पहिला गुन्हा पोरीच्या शिक्षणाचा. तेजश्री बारावी झाली आणि म्हणाली, मला दिल्लीच्या विद्यापीठात परदेशी भाषा शिकायची आहे. मी विचारलं कोणती, तर म्हणाली, चिनी. मी म्हणालो, कावून? जगात एवढ्या भाषा पडल्यात, जर्मन हाय, फ्रेंच हाय, निदान ज्या देशाशी आपलं धड बोलणं चालू आहे अशा देशाची शिक. त्या वेळी आमच्या ओसरीवर बसून तुम्ही म्हणालात, "शिकू दे बंकट, उद्याचं जग त्यांचंच हाय." (तुम्हाला परळीची गाडी गाठायची होती आणि चर्चा आटपायची होती, हे मला फार उशिरा कळलं.) तुमच्या त्या एका वाक्यावर माझी पोरगी दिल्लीला गेली. पाच वर्षांच्या शिक्षणातली चार झाली, एक राहिलं. ह्या चार वर्षांत मला रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक माणसानं विचारलं आहे, "मग चीनला कवा चालली?" आणि मी प्रत्येकाला सांगितलं आहे, "बघू."

मला वाटलं होतं, भाषा शिकेल म्हणजे बोलायला शिकेल, कुठल्यातरी कंपनीत लागेल, साहेब बोलेल ते इकडून तिकडं सांगेल. तर नाही! ती साहित्य शिकते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कविता. उन्हाळ्यात आली तेव्हा मी तिला म्हणालो, काय असतं गं त्या कवितांत? तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. दाजी, चीनचे ते जुने कवी बहुतेक सगळे सरकारी नोकर होते आणि सगळ्यांची बदली गैरसोयीच्या ठिकाणी झालेली होती. डोंगर, धुकं, लांबचा रस्ता, घरून पत्र नाही, जवळचा मित्र दुसऱ्याच टोकाला, म्हणून मग तो कवी एकटाच बसून थोडी घेतो आणि चंद्राकडं बघतो. संपली कविता. आता सांगा, आपल्या जिल्ह्यात काय तलाठी कमी आहेत? ग्रामसेवक, मास्तर, कृषी सहायक, सगळे बदलीवर रडतात, त्यातले निम्मे संध्याकाळी चंद्राकडंही बघतात. पण त्यांना कुणी विद्यापीठात लावलं नाही. मी हे बोललो तर पोरगी म्हणाली, "अण्णा, त्यांनी लिहिलं. ह्यांनी बदली रद्द करून घेतली." तिची जीभ माझ्यावर गेली आहे, असं वनमाला म्हणते. (बायको आपल्या माणसाचं कौतुक करते ते असं.)

शिवाय घरात ती पाण्याचा तांब्या घेऊन अंगणातल्या शहाबादी फरशीवर बोटानं चिनी अक्षरं काढत बसते. ऊन असलं की पहिलं अक्षर वाळेपर्यंत चौथं होतं. म्हणते, सराव आहे. आप्पांना (म्हणजे आमच्या वडिलांना, तुमच्या सासऱ्यांना, ओळख विसरला असाल तर सांगतो, कारण दिवाळीला तुम्ही आला नाहीत) वाटतं की पोरगी फरशी पुसते आणि तिला नीट पुसता येत नाही.

आता दुसरा गुन्हा. आश्रुबा पाटलांचं स्थळ. तुम्हीच आणलंत. युसूफ वडगावातलं नामांकित घर, जमीन काळी, मुलगा अभिमन्यू एकुलता एक, निर्व्यसनी. (निर्व्यसनी म्हणजे आपण मुक्कामी होतो तेवढ्या वेळेपुरता, पण ते असो.) त्यांची एकच अट, पोरीनं शिक्षण आता इथंच थांबवायचं, लग्न करायचं, मग पुढचं पुढं. मी तुम्हाला काय म्हणालो होतो आठवतं का? मी म्हणालो, "बघू." तुम्ही त्याचा अर्थ होकार असा लावलात आणि पाहुण्यांना आमच्याकडं दिवाळीत यायचं आवतण देऊन, स्वतः गुडघा घेऊन दवाखान्यात जाऊन झोपलात.

त्याच दिवाळीत तेजश्री आली ती अभ्यासाचं काम घेऊनच. तिला चिनी सिनेमा हा विषय आहे. (होय दाजी, विद्यापीठात सिनेमा बघतात आणि त्याला मार्क देतात. आम्ही परळीच्या टॉकीजला चोरून गेलतो तेव्हा वडिलांनी फोकानं मार्क दिले होते.) तिच्या बाईंनी सांगितलं होतं की ज्यांनी आयुष्यात चिनी चित्रपट पाहिला नाही अशा लोकांना एक चित्रपट दाखवा, लोक बघत असताना त्यांचं चित्रीकरण करा, आणि त्यावर निबंध लिहा. मी म्हणालो, घरातल्या टीव्हीवर लाव, मी आहे, तुझी आई आहे, आप्पा आहेत, आम्हा तिघांनीही पाहिला नाही. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण वनमालानं ते बचत गटात सांगितलं, बचत गटातून ते चावडीवर गेलं आणि चावडीवरून रविराजदादांकडं.

रविराजदादा म्हणजे आपल्या गटाचे नेते हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यांचा वाढदिवस पाडव्यानंतर असतो आणि दर वर्षी नवीन काहीतरी करावं लागतं. मागं जेसीबीतून फुलं टाकून झाली, रक्तदान झालं, बैलांना झुली वाटून झाल्या. झालं, दुसऱ्या दिवशी फाट्यावर बॅनर! "मा. रविराजदादांच्या वाढदिवसानिमित्त भव्य चिनी चित्रपट, प्रवेश मोफत, जेवणाची सोय." वर दादा मोबाइलवर बोलतायत, खाली शुभेच्छुकांची तोंडं ओळीनं, मधोमध एक टकला माणूस हवेत लाथ मारतोय, आणि उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाक्यांच्या जाहिरातीशेजारी, माझ्या पोरीचा बारावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो. तेजश्री बघून आली आणि म्हणाली, "अण्णा, माझ्या पिच्चरमदी लाथ न्हाई." मी म्हणालो, दादांच्या वाढदिवसात आहे, काळजी करू नको.

पाहुणे नेमके कार्यक्रमाच्याच दुपारी आले. आश्रुबा पाटील, त्यांच्या मंडळी बायनाबाई आणि अभिमन्यू. ठरलं असं की रात्री मुक्काम, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून कार्यक्रम बघायचा, आणि सकाळी सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं. मी दुपारी जेवताना पाटलांना सांगून टाकलं की पोरगी आता परत जाणार नाही. पोरगी त्या वेळी वाढत होती. तिनं पाटलांच्या ताटात न मागता आणखी ठेचा घातला. ते "बास, बास" म्हणेपर्यंत घातला.

दिवेलागण झाली आणि मारुतीच्या पारासमोर सगळं गाव लोटलं. मंडपवाल्यानं दोन बांबूंना पांढरा पडदा ताणून बांधला, पुढं पाहुण्यांसाठी सोफा, बाजूला जनरेटर, आणि मागं आचारी भाजीला फोडणी देत होते, त्यामुळे चित्रपटाच्या पहिल्या भागाला लसणाचा वास होता. चित्रपटाला मराठी नाही. म्हणून तेजश्री चित्रीकरणाचा मोबाइल लोकांकडं तोंड करून बांबूला बांधून, माईक घेऊन पडद्याच्या कडेला उभी राहिली आणि ते लोक जे बोलतील ते आपल्या भाषेत सांगू लागली.

आता चित्रपट ऐका. एक म्हातारा. त्याच्याकडं मोडक्या शिंगाचा एक एडका. उजाड टेकड्या, पांढुरकी माती, पाणी लांब. (मला प्रथम वाटलं की चुकून आपल्याच बालाघाटाचं चित्रीकरण लागलं.) म्हाताऱ्याची पोरगी लांबच्या शहरात शिकायला. म्हातारा रोज संध्याकाळी एडक्याला घेऊन रस्त्यावर जातो, शेवटची गाडी येते, तिच्यातून लोक उतरतात, पोरगी उतरत नाही, म्हातारा एडक्याला घेऊन घरी येतो. दुसऱ्या दिवशी परत तेच. गाव आधी खवळलं. मागून आवाज आला, "ए पोरी, मारामारी कवा हाय?"

"मारामारी न्हाई, मामा."

"मग बॅनरवर उडी कोन मारलंय?"

"दादाला इचारा."

हशा झाला. मग आपला हनुमान, मेंढ्या राखणारा, उठून उभा राहिला. "आरं पर येकटा एडका घेऊन कोन हिंडतं बे? कळप कुटं हाय त्येचा?" तेजश्री माईकवर म्हणाली, "हनुमान काका, कळप पोरीच्या शिक्षनात गेला." हनुमान खाली बसला. त्यानंतर दाजी, काय झालं मला सांगता यायचं नाही, पण कुणी उठलं नाही. तो म्हातारा पोरीच्या तोंडून आपल्या सिरसाळ्याच्या बाजारातल्या माणसासारखा बोलत होता. दुकानातून पोरीला फोन लावतो, छातीला हात धरून उभा राहतो, आणि म्हणतो, "मी लई बरा हाय. तू येऊ नको. परीक्षा दे." मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला. खोटं कशाला बोलायचं? सरळ सांगावं, पोरी ये, छातीत दुखतंय. वनमालानं मला कोपर मारलं. का मारलं ते मी विचारलं नाही.

आणि मग म्हातारा गेला. पडद्यावर चार माणसं त्याला ठेवलेली पेटी खांद्यावर घेऊन टेकडी चढायला लागली, मागं बाया पांढऱ्या कपड्यांत, आवाज काहीच नाही, फक्त वारा. तेजश्रीनंही माईक खाली धरला. गावातल्या बायांनी पदर तोंडाला लावले. आणि नेमके ह्या वेळी, पाच गावांचे केक कापून, सात गाड्या घेऊन रविराजदादा येऊन पोचले.

दादांनी काय पाहिलं? समोर सगळा समाज मान खाली घालून बसलेला. बाया रडतायत. पांढरे कपडे, तिरडी निघालेली. आपल्याकडं मयत झालं की सरणापुढं माईक असतोच आणि माईक असला की दादा असतातच. पाय आपोआप वळले. दादांनी डोक्याचा वाढदिवसाचा फेटा काढून बगलेत धरला, पोरीच्या हातातून माईक घेतला, आणि सुरू झाले. "आज आपल्यातून एक कष्टाळू, प्रामाणिक, निगर्वी माणूस निघून गेला. त्यांचे आणि माझे घरगुती संबंध होते..."

दादांचा लखन (गाडी चालवतो, पिशवीही तोच धरतो) कानाशी लागला, "दादा, दादा, पिच्चर हाय."

दादांनी माईकवर हात ठेवला, पण पुरता ठेवला नाही, म्हणून पुढच्या चार रांगांना ऐकू आलं, "असू दे बे. मानसं बसल्यात."

दाजी, ते भाषण मी लिहिलेलं आहे. साप्ताहिकात चार तिरकस ओळी लिहितो म्हणून गावातल्या लग्नपत्रिका, मानपत्रं आणि श्रद्धांजल्या माझ्याच गळ्यात पडतात. सोसायटीचे चेअरमन वारले तेव्हा दादांनी माझ्याकडून हे लिहून घेतलं आणि पाठ केलं. चेअरमनला शिकणारी मुलगी होती, म्हणून मी शेवटी एक वाक्य टाकलं होतं. तेव्हापासून दादा प्रत्येक मयतीला तेच वाक्य म्हणतात. मागं एका ब्रह्मचारी महाराजांनी देह ठेवला, तिथंही म्हणाले, मठ अजून त्यातून सावरलेला नाही. पण त्या रात्री पहिल्यांदाच ते जिथल्या तिथं बसलं. दादांनी हात वर केला आणि गरजले, "बाबा, तुम्ही निर्धास्त जा! तुमच्या कन्येचं शिक्षण एक दिवससुद्धा थांबणार नाही. ते थांबवायचं पाप ह्या गावातला कुणीही बाप करणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मयताला टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. वनमालानं तर माझ्याकडं बघून वाजवल्या. मी त्या वाक्याचा लेखक, आणि मला माझ्याच वाक्याची शिसारी आली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तुमचे आश्रुबा पाटील. त्यांना आता जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे आणि ते दादांच्याच हातात आहे. दादा बोलले आणि आपण नाही, असं कसं चालेल? पाटील सोफ्यावरून उठले, टोपी काढली, माईक घेतला. "दादांच्या भावनेशी मी सहमत आहे. बाबांच्या माघारी कन्येच्या लग्नाची घाई कुणी करू नये. मुलगी शिकली पाहिजे. शेवटचं वर्ष असेल तर ते पूर्ण झालंच पाहिजे. आमच्या घरात हेच संस्कार आहेत." (शेवटचं वर्ष आहे हे त्यांना कुणी सांगितलं? चित्रपटात तसं काहीही नव्हतं. दुपारी जेवताना मी सांगितलं होतं, माझ्या पोरीबद्दल.) इकडं अभिमन्यूनं मोबाइलमधून मान वर काढून आईला विचारलं, "कोन वारलं गं?" बायनाबाई म्हणाल्या, "चीनचे हायेत कुनीतरी. गप बस, टोपी काढ."

मग सगळे स्तब्ध उभे राहिले. शांतता संपल्याबरोबर आचाऱ्यानं "बसा पंगतीला" म्हणून आरोळी दिली, गाव उठलं, आणि जनरेटरवाला पुढच्या गावच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणून वायरी गुंडाळायला लागला. पडदा काळा झाला. तेजश्री माईकवर म्हणत राहिली, "अजून संपलं न्हाई, शेवट राहिलाय." माईक बंद होता. एकटा हनुमान पडद्यापुढं उभा राहून ओरडत होता, "आरं त्या एडक्याला कोन बघनार? कुनीतरी पानी तर पाजा बे!"

आता सकाळ ऐका. ओसरीवर पाट, तबक, सुपारी, सगळं मांडलेलं. वनमालानं शिरा केलेला. बायनाबाईंनी पोरीला जवळ बसवून घेतलं आणि तोंडावरून हात फिरवला. "एवढ्या मानसांत बोलली, भ्या वाटलं न्हाई का गं?"

"न्हाई, मावशी."

"बरं झालं. आमची झेडपीची जागा बायकांसाठी सुटलीय. मला सभेत उभं ऱ्हायलं की घाम येतो, म्हून ह्यांनी ठरिवलंय, सुनंला उभी करायची. तुला काय बोलायचं काम न्हाई हां, बोलतील हेच. तू फकस्त हात जोडायचे."

तेव्हा मला उमगलं की अट शिक्षण थांबवायची का होती आणि लग्न उन्हाळ्याऐवजी घाईनं का पाहिजे होतं. पाटलांनी खिशातून मोबाइल काढून बॅनरचा नमुनाही दाखवला. हॉल तिकिटावरचाच फोटो, ह्या खेपेला मोठा, हात जोडलेले दुसऱ्याच बाईचे. तेजश्रीनं बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हातच पायजेत तर मीच कावून? हात तर सगळ्यांनाच हायेत." आणि मग माझ्याकडं वळून, "अण्णा, तुमचं काय म्हननं हाय?"

मी म्हणालो, "बघू."

दाजी, 'बघू' ह्या शब्दात काय वाईट आहे? सरकार म्हणतं, बँक म्हणते, डॉक्टर म्हणतो. पण पोरगी उठली आणि आत गेली, जशी काही मी शिवी दिली.

पाटलांनी सुपारी हातात घेतली. तेवढ्यात कोपऱ्यातून आप्पा म्हणाले, "काय करताय?"

"सुपारी फोडतोय, आप्पा."

"गावात मयत झालंय की काल. तेरवीपातूर शुभकार्य न्हाई."

पाटील हसले. "आवो आप्पा, ते पडद्यावरचं होतं."

"मग तुमी भाषन कशाचं केलं?"

आप्पांनी शिऱ्याची ताटली बाजूला सारली. "मयत न्हाई, तर श्रद्धांजली कशाची? श्रद्धांजली हाय, तर सुतक हाय. दादा खोटं बोलले म्हनता का?" आता लखन दाराशीच उभा होता, आदल्या रात्री राहिलेला माईक न्यायला आलता. दादा खोटं बोलले असं त्याच्यासमोर तिकिटाची वाट बघणारा माणूस कसा म्हणणार? पाटलांनी माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. सुपारी तबकात परत गेली. आप्पांना खरंच वयामुळं उमगत नाही, की आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त उमगतं, हे मी तेव्हापासून त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायचा प्रयत्न करतोय, आणि ते तोंड फिरवून तंबाखू मळतात.

पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी पोरगीही गेली. मला न विचारता! वनमालानं शेंगदाण्याची चटणी, धपाटे, करंज्या बांधून दिल्या, म्हणजे हा कट दोन-तीन दिवस तरी शिजत असणार. जाताना पाया पडली पण बोलली नाही. मीही बोललो नाही. बापानं आधी बोलायचं असतं असं कुठं लिहिलंय? वनमाला तिला फाट्यावर सोडून आली आणि तेव्हापासून मला वाढताना भाजीचं पातेलं जरा आवाज करून ठेवते. पोरीचा निबंध मात्र दिल्लीत गाजतोय म्हणे. बाईंनी ते चित्रीकरण, दादांसकट आणि पाटलांसकट, सगळ्या वर्गाला दाखवलं. वर्ग रडला की हसला, हे वनमालानं विचारलं नाही. विचारलं असेल तर मला सांगितलं नाही.

तेव्हा दाजी, ह्या सगळ्याचा मला अतोनात संताप आलेला आहे. तुमचं स्थळ, तुमचं ते 'उद्याचं जग', तुमचा गुडघा, सगळ्याचा. तुम्ही तेजश्रीचे मोठे आहात. तिला फोन लावा आणि खडसावून सांगा की बापाचा शब्द मोडून असं निघून जाणं आपल्या घरात चालत नाही. चांगले चार शब्द सुनवा. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही.

अक्काला नमस्कार. पथ्य पाळा. कळावे, लोभ आहे तो राहणारच, त्याला इलाज नाही.

आपला,
बंकट

ता. क. वर जे चार शब्द सुनवायला सांगितले आहेत ते सुनवू नका. ते चार शब्द आश्रुबा पाटलांसाठी वापरा. तेरवी झाली की ते तारीख काढायला तुमच्याच ओसरीवर येतील. त्यांना सांगा, लग्न होणार नाही, पोरगी शिक्षण पूर्ण करणार. ते चिडले तर म्हणा, बंकट तुमच्याच शब्दाला मान देतोय, पाटील. "शेवटचं वर्ष असेल तर ते पूर्ण झालंच पाहिजे," हे तुम्ही पाचशे माणसांत बोललात, दादांच्या देखत बोललात, आणि त्याचं चित्रीकरण आहे. शब्द मागं घेतात का, तेवढं विचारा. आणि हे तुमच्या तोंडून जाऊ द्या. स्थळ तुम्ही आणलंत, मोडायचा मान तुमचाच. मी इथून "बघू" म्हणालो तर ते परत होकारच समजतील.

ता. क. २. आप्पा विचारतायत, त्या म्हाताऱ्याच्या दहाव्याला घास कुणी ठेवला. मी सांगितलं, तुमच्याकडं ठेवला. नाही ठेवला तरी ठेवला म्हणा. आणि हनुमान रोज सकाळी दारात येऊन म्हणतो, एडका कुणी घेत नसेल तर माझ्या कळपात जागा हाय. त्याला काय सांगू ते कळवा.

ता. क. ३. हे अक्कासमोर मोठ्यानं वाचू नका. तेजश्रीला फोन कराल तेव्हा सहज, गप्पांच्या ओघात, तुम्हालाच उत्सुकता आहे असं दाखवून विचारा, त्या चित्रपटाचा शेवट काय आहे? म्हातारा गेल्यावर ती पोरगी आली का? शेवटच्या गाडीतून आली की कसं? मी विचारलंय म्हणून सांगू नका. मी संध्याकाळी फाट्यावर जातो, असं तुमच्या कानावर आलं असेल, तर ते चहासाठी जातो. तिथला चहा बरा असतो. नाही आली असं म्हणाली तर मला कळवू नका. आणि मधलंच काही म्हणाली, गावाला शेवट दाखवायचा राहिला असं म्हणाली, तर तिला एवढंच सांगा की मंडपवाला पडदा न्यायला दोनदा येऊन गेला. मी दिला नाही.